राजकन्येला हवं तरी काय असतं?

डिस्नेचा राजकन्येवरचा कुठलाही ॲनिमेशनपट लावा आणि पहिल्या अर्ध्या तासात एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवा. ही मुलगी कुठेतरी एकटी सापडते, विहिरीपाशी, खिडकीत, किनाऱ्यावर, आणि गाऊ लागते. त्या गाण्यात ती काय मागते? १९३७ पासून आजपर्यंत या नायिका किती बदलल्या आणि कुठे अजिबात बदलल्या नाहीत, हे कळायला याहून सोपं माप मला सापडलेलं नाही. तिच्या हातात तलवार आहे की झाडू, हे नंतर बघू.

हे माप संगीत नाटकवाल्यांचं. हॉवर्ड ॲशमन हा न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचा गीतकार १९८० च्या दशकात डिस्ने स्टुडिओत आला आणि तिथल्या चित्रकारांना त्यानं समजावलं, की संगीत नाटकात नायिका सुरुवातीलाच कुठेतरी बसते आणि आपल्याला आयुष्यात काय हवंय ते गाते. प्रेक्षक त्या मागणीच्या प्रेमात पडतात आणि ती पुरी होते का, हे बघायला शेवटपर्यंत थांबतात. म्हणजे ती मागणी हाच कथेचा कणा. मागणी लहान असेल, तर मुलगीही लहानच राहते.

आता सुरुवातीला जाऊ. डिसेंबर १९३७ मध्ये लॉस एंजेलिसला 'स्नो व्हाइट'चा पहिला खेळ झाला. नायिका चौदा वर्षांची. विहिरीत डोकावून ती मागते, की माझा प्रियकर मला शोधत यावा. तिनं शोधायचं नाही, त्यानं यायचं. पुढे ती सात बुटक्यांच्या घरी झाडलोट करते, रांधते आणि तेच मागणं पुन्हा गाते. ज्याच्यासाठी हे सगळं, तो राजपुत्र पडद्यावर येतो जेमतेम काही मिनिटं. याचं एक कारण अगदी कारागिरीचं होतं: खराखुरा वाटेल असा पुरुष हलताना काढणं तेव्हाच्या चित्रकारांना जड जात होतं, म्हणून त्याचं काम छाटलं गेलं. परिणाम असा झाला, की नायिकेच्या सगळ्या इच्छेचं टोक एका अशा माणसापाशी गेलं, ज्याच्याबद्दल चित्रपटालाच काही माहीत नाही.

'सिंड्रेला' १९५० ची. तिच्यावर 'राजपुत्राची वाट बघणारी' असा शिक्का बसला आहे, तो मला अन्यायाचा वाटतो. नीट पाहिलं तर ती राजपुत्र मागतच नाही. आपलं स्वप्न काय, ते ती कोणाला सांगत नाही. तिला एक संध्याकाळ हवी असते, कामातून सुटका झालेली. ज्याच्याबरोबर ती नाचली तोच राजपुत्र, हे तिला मध्यरात्र उलटून गेल्यावरही ठाऊक नसतं.

तिची आपल्याकडची बहीण म्हणजे श्रावणी सोमवारच्या शिवामुठीच्या कहाणीतली नावडती सून. आटपाट नगरातल्या राजाच्या चार सुनांपैकी तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टं खायला, जाडंभरडं नेसायला, गुरांचं बेडं राहायला आणि गुराख्याचं काम. रानात तिला नागकन्या, देवकन्या भेटतात, वसा सांगतात. आणि मग ती मागते: 'सासू-सासऱ्या, दिरा-भावा, नणंदा-जावा, भ्रतारा नावडती आहे, ती आवडती कर रे देवा!' गिरगाव-दादरच्या कितीतरी घरांतल्या आज्यांना हे तोंडपाठ असतं. ॲशमनच्या मापानं बघितलं तर हेच नावडतीचं 'मला काय हवंय'चं गाणं. तिचं लग्न झालेलं आहे, राजवाडा तिच्या सासऱ्याचाच आहे, तरी तिला हवं आहे ते फक्त त्या घरातल्या माणसांनी तिला आपलं म्हणणं. सिंड्रेलाला छळणारं घर सोडून जाता येतं. नावडतीला त्याच घरात राहायचं असतं, त्यामुळे तिचं मागणं मला जास्त अवघड वाटतं. याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

'स्लीपिंग ब्यूटी' (१९५९) मध्ये तर ज्या मुलीवरून चित्रपटाचं नाव आहे, ती ऑरोरा पडद्यावर सुमारे १८ मिनिटं दिसते. चित्रपटाचा पूर्वार्ध संपता संपता ती बोलायची थांबते, मग झोपते, आणि उठल्यावरही शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही. खर्च अफाट झाला, तो भरून निघाला नाही, आणि पुढची तीस वर्षं स्टुडिओ परीकथेच्या वाटेला गेला नाही.

१९८९ मध्ये 'द लिटल मर्मेड' आला तो या तीस वर्षांनंतर. जलपरी एरियल सोळा वर्षांची, बंडखोर, बापाचं न ऐकणारी. तिचं मागणं नीट ऐका: तिला माणसांच्या जगात जायचं आहे. आग म्हणजे काय, रस्त्यावर चालतात कसं, हे सगळं तिला बघायचं आहे. आणि हे गाणं येतं, तेव्हा तिनं राजपुत्र एरिकला पाहिलेलंही नसतं. सिंड्रेलानं आपलं स्वप्न कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे पुरुषापासून सुरू न होणारी इच्छा या मालिकेतली एक मुलगी पहिल्यांदा उघडपणे गाते. हेच गाणं एका चाचणी खेळानंतर स्टुडिओच्या वरिष्ठांनी काढून टाकायचं ठरवलं होतं, कारण पोरं चुळबुळ करत होती. ॲशमन आणि दिग्दर्शक अडून बसले म्हणून ते राहिलं.

पण पुढे काय होतं? तो दिसतो, आणि जगाची सगळी ओढ त्या एका माणसात गोळा होते. पाय मिळवण्यासाठी ती आवाज देऊन टाकते. माझ्या सहा वर्षांच्या भाचीनं हा प्रसंग बघताना मला विचारलं, 'मावशी, तिनं कागदावर सही केली ना? मग तिला लिहिता येतं. ती त्याला चिठ्ठी का नाही लिहीत?' हा प्रश्न चित्रपटात कोणालाच पडत नाही. पडला असता तर गोष्ट पाच मिनिटांत संपली असती, हे खरंच. पण तिचं मुकं असणं कथेला सोयीचं होतं, हेही तितकंच खरं. शेवटी चेटकिणीवर जहाज घालतो एरिक, आणि एरियलला कायमचे पाय देतो तिचा बाप.

'द लिटल मर्मेड' लिहिणारे आणि दिग्दर्शित करणारे रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर यांनीच २७ वर्षांनी, २०१६ मध्ये, 'मोआना' दिग्दर्शित केला. दोन्ही गोष्टी एकाच साच्यातल्या आहेत. एकीला पाण्यातून जमिनीवर जायचंय, दुसरीला जमिनीवरून पाण्यात. दोघींचे बाप राज्य करणारे, मुलीवर जीव असलेले आणि 'त्या रेषेपलीकडे जायचं नाही' असं बजावणारे. पण एरियल आपला आवाज देऊन मोकळी होते आणि मोआना नाव हाकायला शिकते, चुकते, आपटते, पुन्हा वल्हं धरते. तिच्या कथेत प्रियकर नाही. प्रियकर नाही म्हणून तिला काही कमी आहे, असंही कोणी म्हणत नाही. तिला बळ देणारी माणसं म्हणजे आजी आणि दर्यावर पिढ्यान्‌पिढ्या फिरलेले पूर्वज. शेवटी समोर आलेल्या आगीच्या राक्षसिणीला ती मारत नाही, ओळखते. हिचं काळीज चोरीला गेलंय, हे तिला कळतं आणि ती सरळ तिच्याकडे चालत जाते. या एका दृश्यात मला या सगळ्या मालिकेचा पल्ला दिसतो, कारण इथे नायिकेचं सामर्थ्य तिच्या समजुतीत आहे आणि तिला सोडवायला कोणी येत नाही.

मग बदल सरळ चढत्या पायरीनं झाला का? अजिबात नाही. हा विषय गुंतागुंतीचा होतो तो इथेच.

२०१६ मध्ये कार्मेन फॉट आणि कॅरन आयझनहॉवर या भाषाशास्त्रज्ञांनी एक कष्टाचं काम केलं. डिस्नेच्या राजकन्यापटांतले संवाद घेऊन कोण किती शब्द बोलतं ते मोजलं. जुन्या तीन चित्रपटांत बायका बऱ्याच बोलतात: 'स्नो व्हाइट'मध्ये निम्मे शब्द, 'सिंड्रेला'त ६० टक्के, 'स्लीपिंग ब्यूटी'त ७१ टक्के. आणि बंडखोर एरियलच्या चित्रपटात? ६८ टक्के शब्द पुरुषांचे. 'ब्यूटी अँड द बीस्ट'मध्ये ७१, 'मुलान'मध्ये ७७, 'अलादीन'मध्ये तर ९० टक्के. मुलान चीनचं राज्य वाचवते, पण तिच्या पाठीशी लावलेला मुशू नावाचा ड्रॅगन तिच्या दीडपट बोलतो.

असं का व्हावं? आवाज विकला म्हणून एरियल गप्प, एवढंच कारण नाही. आजूबाजूची पात्रं बघा. खेकडा पुरुष, मेणबत्ती पुरुष, घड्याळ पुरुष, जिनी पुरुष, पोपट पुरुष, गावातला दुकानदार पुरुष. नायिका एकटी धीट केली की आपलं काम झालं, असं लिहिणाऱ्यांना वाटलं असावं. बाकीचं जग भरताना हात आपोआप पुरुषाकडे गेला. दुसरीकडे 'स्लीपिंग ब्यूटी'तले ७१ टक्के शब्द ऑरोराचे नाहीतच, ते तीन पऱ्यांचे आणि चेटकिणीचे आहेत. त्यामुळे नुसती टक्केवारी बघूनही फसगत होते. कोण बोलतं आणि कोण निर्णय घेतं, हे दोन्ही एकत्र पाहावं लागतं.

याच अभ्यासातली दुसरी मोजणी मला जास्त बोलकी वाटते. नायिकांचं आणि इतर स्त्रियांचं कौतुक होतं ते कशाबद्दल? जुन्या चित्रपटांत ५५ टक्के कौतुक दिसण्याबद्दल आणि फक्त ११ टक्के काही जमण्याबद्दल. १९८९ ते १९९८ च्या चित्रपटांत दिसण्याचं प्रमाण ३८ वर आलं, जमण्याचं २५ वर गेलं. 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' (२००९) पासूनच्या चित्रपटांत पारडं उलटलं: दिसण्याबद्दल २२ टक्के, करून दाखवण्याबद्दल ४०. त्या चित्रपटातली टियाना ही डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या, न्यू ऑर्लिन्सची. तिला स्वतःचं रेस्टॉरंट काढायचं असतं आणि त्यासाठी ती दोन-दोन नोकऱ्या करून डब्यात पैसे साठवत असते. विहिरीत डोकावणाऱ्या मुलीपासून इथवर यायला ७२ वर्षं लागली.

या बदलामागे काळ आहे, स्त्री-चळवळ आहे, बाहेर पडून कमावणाऱ्या आया आहेत. पण एक कारण अगदी हाताला लागेल असं आहे: पेन्सिल कोणाच्या हातात होती. १९३८ मध्ये डिस्ने स्टुडिओनं नोकरी मागणाऱ्या एका तरुणीला पाठवलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात स्वच्छ लिहिलं आहे, की चित्रपटाच्या सर्जनशील कामात बायका नसतात, ते सगळं तरुण पुरुष करतात. बायकांनी पुरुषांची चित्रं सेल्युलॉइडवर शाईनं गिरवायची आणि रंगवायची. अपवाद होते. मेरी ब्लेअरच्या रंगदृष्टीनं 'सिंड्रेला'ला तिचं रूप दिलं. पण अख्खी पटकथा लिहिण्याचं काम एका बाईच्या हाती यायला 'ब्यूटी अँड द बीस्ट' (१९९१) उजाडावा लागला.

ती लेखिका लिंडा वूल्व्हर्टन. डिस्नेच्या ॲनिमेशनपटाची पटकथा लिहिणारी पहिली स्त्री. तिनं लिहिलं होतं, की नायिका बेल नकाशावर आपल्याला जायच्या ठिकाणी खुणा करते आहे. प्रसंगांचे कच्चे चित्रफलक (स्टोरीबोर्ड) तयार होऊन आले, तेव्हा बेल स्वयंपाकघरात केक सजवत होती! वूल्व्हर्टन भांडली. तडजोड निघाली ती चालता चालता पुस्तक वाचणाऱ्या बेलची, आणि तीच प्रतिमा जगभर लक्षात राहिली. २०१५ मध्ये वरळीच्या डोममध्ये भारतीय कलाकारांनी याच कथेचं भव्य संगीत नाटक केलं, त्यातही बेलच्या हातात पुस्तक हवंच होतं. किती लहानशी गोष्ट, आणि त्यासाठी एका बाईला किती अडून बसावं लागलं.

पुढेही ही वाट सोपी नव्हती. पिक्सार या डिस्नेच्याच मालकीच्या स्टुडिओच्या 'ब्रेव्ह'ची (२०१२) कल्पना ब्रेंडा चॅपमनची, स्वतःच्या मुलीशी होणाऱ्या वादांतून सुचलेली. आई आणि मुलगी यांच्या नात्यावर उभा असलेला राजकन्यापट त्याआधी मला आठवत नाही. पिक्सारची ती पहिली स्त्री दिग्दर्शक, पण मध्यावर चित्रपट तिच्याकडून काढून घेतला गेला. ऑस्कर मिळालं ते दोन दिग्दर्शकांमध्ये विभागून. आणि २०१३ मध्ये नायिका मेरिडाला डिस्नेच्या राजकन्यांच्या अधिकृत पंक्तीत बसवायची वेळ आली, तेव्हा तिचे विस्कटलेले केस चापूनचोपून बसवले, कंबर बारीक केली, धनुष्य काढून घेतलं. विरोधाच्या अर्जावर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या. चॅपमननंही जाहीर निषेध केला.

'फ्रोझन' (२०१३) हा या सगळ्यातला मोठा टप्पा. जेनिफर ली ही डिस्ने ॲनिमेशनच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाची पहिली स्त्री दिग्दर्शक, ख्रिस बकबरोबर. सुरुवातीच्या आराखड्यात एल्सा खलनायिका होती. मग तिचं ते प्रसिद्ध गाणं तयार झालं आणि ते ऐकल्यावर तिला दुष्ट ठेवणं कोणालाच जमेना, म्हणून कथाच फिरवली गेली. आपल्यातली ताकद लपवण्यात जिचं बालपण गेलं, अशी ती थोरली बहीण झाली. धाकटी ॲना पहिल्याच भेटीत एका राजपुत्राला होकार देते, तेव्हा एल्सा तिला सांगते की आज भेटलेल्या माणसाशी लग्न करता येणार नाही. स्नो व्हाइट, सिंड्रेला, ऑरोरा या तिघींना हे सांगणारं कोणीच नव्हतं. शेवटी ॲना चुंबनाकडे पाठ फिरवून बहिणीसाठी तलवारीपुढे उभी राहते आणि तिचं स्वतःचं गोठलेलं काळीज त्यानंच वितळतं. तरीही याच चित्रपटात ५९ टक्के शब्द पुरुषांचे आहेत, आणि ॲनाचा डोळा तिच्या मनगटापेक्षा रुंद आहे. डोळ्या-मनगटाची ही गोष्ट समाजशास्त्रज्ञ फिलिप कोहेन यांनी तेव्हाच दाखवून दिली होती. मन बदललं, कंबर आणि मनगट मात्र १९५० च्या जवळपासच राहिलं. मोआनाचे भरीव दंड आणि जमिनीवर घट्ट रोवलेले पाय म्हणूनच मला मोलाचे वाटतात.

आता मुंबईच्या बाजारात या. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्यांत किंवा स्नेहसंमेलनाच्या मोसमात दादरच्या ड्रेपरीवाल्याकडे गेलात, तर हँगरला ओळीनं फ्रॉक दिसतील. एल्साचा निळा, चकचकीत सॅटिनचा, पाठीवर टिकल्या लावलेली जाळी. शेजारी सिंड्रेलाचा, तोही निळाच, जरा फिका. बेलचा पिवळा. मुलानचं चिलखत मी अजून कुठल्या हँगरवर पाहिलेलं नाही. भाचीला मोआना व्हायचं होतं, तर दुकानदारानं मनापासून सांगितलं, 'ताई, त्याला चमक नाही, स्टेजवर उठत नाही.' धंद्याच्या दृष्टीनं त्याचं बरोबरच आहे. या विक्रीचं मूळही चित्रपटापेक्षा धंद्यात आहे. २००० च्या सुमारास अँडी मूनी नावाचा अधिकारी डिस्नेत आला. फिनिक्स शहरातल्या बर्फावरच्या खेळात त्यानं घरी शिवलेले राजकन्यांचे पोशाख घातलेल्या मुली पाहिल्या, आणि वेगवेगळ्या काळातल्या नायिका एका शिक्क्याखाली आणून त्यांच्या वस्तू विकायचं ठरलं. तेव्हापासून चित्रपटातली मुलगी आणि फ्रॉकवरची मुलगी या दोन वेगळ्या मुली झाल्या. पडद्यावर मुलान युद्धावर जाते. डब्यावर, दप्तरावर ती बहुतेक वेळा त्याच रेशमी पोशाखात उभी असते, जो ती चित्रपटात नाखुशीनं घालते.

मग आपल्या मुलींवर याचा परिणाम काय? अमेरिकेतल्या ब्रिगॅम यंग विद्यापीठाच्या सारा कॉइन यांनी १९८ लहान मुला-मुलींचा अभ्यास केला. २०१६ च्या निष्कर्षात दिसलं, की राजकन्यांमध्ये जास्त रमणारी मुलं वर्षभरानं 'मुलींनी असंच वागायचं' या साच्यात जास्त बसत होती. हे वाचून अनेकांनी फ्रॉक लपवले. पण त्यांनीच काही वर्षांनी याच मुलांकडे पुन्हा पाहिलं आणि २०२१ मध्ये वेगळंच चित्र मांडलं: लहानपणी राजकन्यांत रमलेली मुलं मोठी होताना स्त्री-पुरुषांबद्दल जास्त मोकळा विचार करत होती. त्यात मुलगेही होते. 'पुरुषानं भावना दाखवायच्या नाहीत' ही कल्पना त्यांच्यात कमी रुजलेली होती. त्यामुळे आमच्या इमारतीत एखादा मुलगा 'फ्रोझन' बघत बसला आणि कोणी 'ते मुलींचं आहे' म्हणून चॅनेल बदलायला निघालं, की मी रिमोट परत मागते.

आता त्या नावडतीकडे. २०२१ च्या 'एन्कँटो'तली मिराबेल राजकन्या नाही, पण तिचं मागणं आपल्या कहाणीशी इतकं जुळतं की तिला वगळवत नाही. कोलंबियातलं एक मोठं कुटुंब, त्यातल्या प्रत्येकाला लहानपणी एक दैवी देणगी मिळते. कोणी ताकदवान, कोणी फुलं फुलवणारी. चष्मा लावणाऱ्या मिराबेलला काहीच मिळत नाही. घराच्या कौटुंबिक फोटोत तिला कोणी बोलावत नाही, आणि ती गाते ते हेच: मलाही तुमच्यात घ्या. घराच्या भिंतींना तडे जातात, तेव्हा आजी दोष तिच्यावरच टाकते.

शिवामुठीच्या कहाणीत रानातलं देऊळ पाहून सासरा प्रसन्न होतो, सुनेला पालखीत घालून घरी आणतो, आणि नावडती होती ती आवडती होते. इतके दिवस तिला उष्टं का वाढलं, हे त्याला कोणी विचारत नाही. मिराबेल मात्र आजीला तोंडावर सांगते, की घर मोडतंय ते तुझ्यामुळे. आणि नदीकाठी ती आजी आपल्या नातीजवळ बसून स्वतःची चूक कबूल करते.